समांतर दिलेले आहे की सिद्ध करायचे आहे? चौकोनाच्या सिद्धतेत वारंवार होणारी गफलत आणि तिची दुरुस्ती

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील मराठी माध्यमाच्या शाळांत नववीच्या वर्गाला समांतर रेषा आणि चौकोन ही दोन प्रकरणे शिकवून झाली की उत्तरपत्रिकांत एक विशिष्ट चूक दिसू लागते, आणि ती दरवर्षी जवळपास त्याच रूपात दिसते. आकृती नीट काढलेली असते, प्रमेये पाठ असतात, व्युत्क्रम कोन आणि संगत कोन ओळखता येतात, तरीही सिद्धता उभी राहत नाही. विद्यार्थ्याला वाटते की आपण सगळे लिहिले, पालकांना वाटते की तपासणाऱ्याने विनाकारण गुण कापले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सिद्धतेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्याच ओळीत, जे सिद्ध करायचे आहे तेच कारण म्हणून वापरलेले असते. ही चूक पुन्हा पुन्हा का होते, ती कोठे शोधावी आणि कशी काढावी, हे येथे मांडले आहे.

चूक ओळखण्याच्या खुणा

पहिली खूण म्हणजे ‘व्युत्क्रम कोन’ एवढेच कारण लिहून थांबणे. कर्ण अक काढलेल्या चौकोन अबकड च्या प्रश्नात ‘∠बअक = ∠डकअ, कारण व्युत्क्रम कोन’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसले की तेथेच थांबून पाहावे. व्युत्क्रम कोन हे कोनांच्या जागेचे नाव आहे. कोणत्याही दोन रेषांना तिसऱ्या रेषेने छेदले की व्युत्क्रम कोन तयार होतातच, मग त्या दोन रेषा समांतर असोत वा नसोत. ते समान आहेत असे म्हणायला ‘अब ∥ डक असल्यामुळे’ हे शब्द लागतात, आणि ते लिहायला गेले की विद्यार्थ्याला कळते की समांतरता तर अजून मिळवायची आहे.

दुसरी खूण अधिक फसवी आहे. ‘चौकोन समांतरभुज आहे हे सिद्ध करा’ अशा प्रश्नात ‘समांतरभुज चौकोनाच्या संमुख भुजा समान असतात’ (संमुख म्हणजे समोरासमोरच्या) हे कारण आलेले असते. तिसरी खूण आकृतीतच असते: प्रश्नात कोठेही काटकोनाचा उल्लेख नसताना आकृती आयतासारखी काढलेली असते आणि पुढे नकळत काटकोन वापरला जातो.

मुळाशी काय आहे

समांतर रेषा आणि छेदिका (त्यांना छेदणारी तिसरी रेषा) यांच्याविषयी दोन वेगळी विधाने आहेत. पहिले असे की व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर असतात. दुसरे असे की रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान असतात. वर्गात ही दोन्ही एकाच तासाला, एकाच आकृतीवर शिकवली जातात आणि मुलांच्या डोक्यात ती एकत्र होऊन ‘समांतर म्हणजे व्युत्क्रम कोन समान’ असे एकच वाक्य उरते. व्यवहारात ते वाक्य चालते. सिद्धतेत मात्र ते घात करते, कारण त्या वाक्याला दिशा नाही.

ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात ही दोन विधाने मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. कोनांवरून समांतरता दाखवणारी विधाने सत्ताविसावी आणि अठ्ठाविसावी, तर समांतरतेवरून कोन मिळवून देणारे विधान एकोणतिसावे. हे केवळ क्रमांकांचे वेगळेपण नाही. पहिल्या अठ्ठावीस विधानांत त्याने आपले पाचवे, म्हणजे समांतर रेषांविषयीचे, गृहीतक एकदाही वापरलेले नाही. ते प्रथम एकोणतिसाव्या विधानात येते. म्हणजे एक दिशा त्या गृहीतकाशिवाय सिद्ध होते आणि दुसरीला ते लागतेच. इतका मोठा फरक असलेली दोन विधाने एकाच ओळीत गुंडाळणाऱ्या गाईडांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

वर्गात ही दिशा दाखवायला बेळगावातील टिळकवाडीची रेल्वे फाटके उपयोगी पडतात. रूळ समांतर टाकलेले आहेत हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. म्हणून एखादा रस्ता तिरका आला तर एका रुळाशी होणाऱ्या कोनावरून दुसऱ्या रुळाशी होणारा कोन सांगता येतो. येथे समांतरता दिलेली आणि कोन मिळवायचा. याउलट, शेतात दोन बांध समांतर आहेत की नाहीत हे ठाऊक नसेल, तर दोन्हींना छेदणारी एक दोरी ताणून, दोन्ही ठिकाणचे संगत कोन मोजून मग समांतरतेविषयी बोलावे लागते. प्रत्येक प्रश्न वाचताना विद्यार्थ्याने प्रथम एवढेच ठरवावे की आपण रुळांच्या बाजूला उभे आहोत की बांधांच्या.

कोणती भुजा कोणत्या भुजेला समांतर, हा घोटाळा

दिशा समजल्यावरही जी अडचण सर्वांत जास्त उरते ती ही आहे, आणि तिच्यावर वेळ घालवणे फायद्याचे ठरते. चौकोन अबकड घ्या आणि कर्ण अक काढा. आता आकृतीत व्युत्क्रम कोनांच्या दोन जोड्या दिसतात. ∠बअक आणि ∠डकअ ही एक, आणि ∠डअक आणि ∠बकअ ही दुसरी. पहिली जोडी समान मिळाली तर कोणत्या भुजा समांतर ठरतात? पुष्कळ विद्यार्थी येथे अंदाजाने उत्तर देतात, आणि अंदाज चुकला तरी शेवटी चौकोन समांतरभुजच निघत असल्यामुळे चूक त्यांच्या लक्षात येत नाही.

याची तपासणी अक्षरांवरून करता येते. दोन्ही कोनांच्या नावांत जी दोन अक्षरे समाईक आहेत, त्यांची रेषा ही छेदिका होय. येथे ती अक आहे. प्रत्येक कोनाची एक भुजा छेदिकेवर असते, ती सोडून दिली की दुसरी भुजा उरते, आणि उरलेल्या दोन भुजाच समांतर ठरतात. ∠बअक मधून अक सोडली की अब उरते. ∠डकअ मधून कअ सोडली की कड उरते. म्हणून या जोडीवरून अब ∥ कड. दुसऱ्या जोडीला हेच लावले की अड आणि बक मिळतात. आकृतीकडे न पाहता हे ठरवता येते, आणि माझ्या मते सुरुवातीचे काही प्रश्न तरी विद्यार्थ्यांकडून आकृती झाकूनच करून घ्यावेत.

याच ठिकाणी एकरूपतेतील संगतीची चूक येऊन मिळते. समजा अब = कड आणि बक = डअ दिले आहे आणि चौकोन समांतरभुज आहे असे दाखवायचे आहे. कर्ण अक दोन्ही त्रिकोणांत समाईक असल्यामुळे बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटीने त्रिकोण एकरूप होतात. पण विद्यार्थी लिहितो, △अबक ≅ △अडक. आकृती पाहता दोन्ही त्रिकोण डोळ्यांना सारखेच दिसतात, त्यामुळे नावाच्या क्रमाकडे कोणी लक्ष देत नाही. आता या संगतीचा अर्थ पाहा: अब च्या जोडीला अड आणि बक च्या जोडीला डक. हे दिलेले नाही. हे तर पतंगाच्या आकाराच्या चौकोनाचे वर्णन आहे. या संगतीवरून ∠बअक = ∠डअक मिळते, म्हणजे कर्ण कोनाला दुभागतो, आणि समांतरतेकडे जाणारा रस्ताच बंद होतो. खरी संगती △अबक ≅ △कडअ ही आहे, कारण अब ची जोडी कड शी आणि बक ची जोडी डअ शी आहे. तिच्यावरून ∠बअक = ∠डकअ, मग अब ∥ कड; तसेच ∠बकअ = ∠डअक, मग बक ∥ डअ. तेव्हा सिद्धता अडली तर प्रथम एकरूपतेच्या ओळीत अक्षरांचा क्रम दिलेल्या समान भुजांशी जुळतो का, ते ताडून पाहावे. बऱ्याचदा दुरुस्ती तेवढीच असते.

चौकोनाचे नाव लिहितानाही क्रम सांभाळावा लागतो, हे येथेच सांगून ठेवतो. अबकड म्हणजे अ पासून कडेकडेने फिरत ड पर्यंत. तेच चार बिंदू अबडक या क्रमाने जोडले तर वेगळीच आकृती होते, आणि बहुधा तिच्या दोन बाजू एकमेकींना छेदतात.

गुणधर्म आणि कसोटी

समांतरभुज चौकोनाचे गुणधर्म आणि समांतरभुज चौकोनाच्या कसोट्या यांच्यात पुन्हा तोच दिशेचा फरक आहे. चौकोन समांतरभुज आहे हे माहीत असेल तर संमुख भुजा समान, संमुख कोन समान आणि कर्ण परस्परांना दुभागणारे, हे सर्व फुकट मिळते. चौकोन समांतरभुज आहे हे दाखवायचे असेल तर यांपैकी एखादी गोष्ट पूर्णपणे आधी मिळवावी लागते. संमुख भुजांच्या दोन्ही जोड्या समान, संमुख कोनांच्या दोन्ही जोड्या समान, कर्ण परस्परांना दुभागतात, किंवा संमुख भुजांची एक जोडी समान आणि समांतर, अशा चार कसोट्या शाळेत येतात. चौथी कसोटी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त वेळा चुकीची वापरली जाणारी आहे, कारण तिच्यात ‘समान’ आणि ‘समांतर’ हे दोन्ही एकाच जोडीबद्दल असावे लागते.

एक जोडी समांतर आणि दुसरी जोडी समान, एवढ्याने चालत नाही. आलेखाच्या कागदावर (०, ०), (८, ०), (६, ४) आणि (२, ४) हे बिंदू क्रमाने जोडून पाहावे. वरची आणि खालची भुजा समांतर आहे, तिरक्या भुजा समान आहेत, आणि तरीही हा समद्विभुज समलंब चौकोन आहे. खालची भुजा ८ आणि वरची ४. हे एक चित्र वहीच्या मलपृष्ठावर कायमचे काढून ठेवले तर अनेक चुका आपोआप टळतात.

याहून चकवणारे एक उदाहरण आहे. संमुख भुजांची एक जोडी समान आणि संमुख कोनांची एक जोडी समान असेल तर चौकोन समांतरभुज होईल, असे हुशार विद्यार्थ्यांनाही वाटते. कागदाचा एक समद्विभुज त्रिकोण कापा, शिरोकोन थोडा लहान ठेवा. पायावर मध्यबिंदू सोडून दुसरा कोणताही बिंदू घ्या आणि शिरोबिंदूपासून तेथपर्यंत सरळ कापा. आता एक तुकडा पालथा करून, कापलेल्या कडा उलटसुलट टोकांनी पुन्हा जुळवा, म्हणजे एका तुकड्याचे वरचे टोक दुसऱ्याच्या खालच्या टोकाला येईल. तयार झालेल्या चौकोनात मूळ त्रिकोणाच्या दोन समान भुजा समोरासमोर येतात आणि पायालगतचे दोन समान कोनही समोरासमोर येतात. पण पायाचे दोन तुकडे असमान असल्यामुळे उरलेली संमुख जोडी असमान राहते. चौकोन समांतरभुज नाही. कात्रीने केलेला हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. फळ्यावर नुसते सांगून तो कोणाला पटत नाही.

समलंब चौकोनाच्या व्याख्येबाबत एक सूचना करावीशी वाटते. सीमाभागात कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक शाळेत आणि चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडून आलेले पुस्तक घरी, अशी स्थिती अनेक घरांत असते. काही पुस्तके संमुख भुजांची ‘एकच जोडी’ समांतर असलेल्या चौकोनाला समलंब म्हणतात, काही ‘किमान एक जोडी’ म्हणतात. दुसऱ्या व्याख्येत प्रत्येक समांतरभुज चौकोन समलंबही ठरतो. दोन्ही व्याख्या गणितात चालतात. परीक्षेत मात्र ज्या मंडळाची परीक्षा त्याच्या पुस्तकातील व्याख्या धरावी आणि घरचे दुसरे पुस्तक सरावापुरते वापरावे. चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही आहे, याबाबत मात्र दोन्हीकडे मतभेद नाही.

आकृती फसवते तेव्हा

सिद्धता अडल्यावर करण्याची सर्वांत सोपी दुरुस्ती म्हणजे आकृती पुन्हा काढणे, आणि ती मुद्दाम वाकडी काढणे. जे दिलेले नाही ते आकृतीत दिसू देऊ नये. समांतरभुज चौकोन दिला असेल तर त्याच्या लगतच्या भुजा स्पष्टपणे असमान आणि कोन काटकोनापासून दूर ठेवावेत. समांतरता सिद्ध करायची असेल तर आकृतीत त्या भुजा किंचित अभिसारी काढाव्यात. मग जी पायरी केवळ डोळ्यांच्या भरवशावर टाकली होती ती लगेच उघडी पडते. बाणांच्या खुणा फक्त दिलेल्या समांतर भुजांवर कराव्यात आणि सिद्ध झालेल्या समांतरतेसाठी वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरावी. पद्धत बाळबोध वाटते, पण तपासताना तिचा उपयोग चटकन दिसतो.

सुताराच्या कामातील तीच अडचण

खिडकीची चौकट करताना चारही फळ्या अचूक मापाच्या असूनही चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसत नाही, ही तक्रार घरबांधणी करणाऱ्या कोणालाही परिचित असेल. कारण वरचेच आहे: संमुख भुजा समान असल्याने चौकोन समांतरभुज ठरतो, आयत ठरत नाही. म्हणून जाणता सुतार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापे घेतो. ४ फूट × ३ फूट चौकटीत दोन्ही कर्ण बरोबर ५ फूट, म्हणजे ६० इंच यायला हवेत. एक ६१ इंच आणि दुसरा सुमारे ५९ इंच आला, तर चौकट साधारण दोन अंशांनी कलली आहे, म्हणजे कोन ८८ आणि ९२ अंशांचे झाले आहेत. समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही भुजांच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते, त्यामुळे एक कर्ण वाढला की दुसरा कमी होतोच.

कर्ण समान झाल्यावर काटकोन का मिळतो, याची सिद्धता समांतर रेषांवरच उभी आहे. समांतरभुज चौकोन अबकड मध्ये अक = बड असेल तर △अबक आणि △डकब यांत अब = डक, बक समाईक, अक = डब, म्हणून ते एकरूप आणि ∠अबक = ∠डकब. पण अब ∥ डक आणि बक छेदिका असल्यामुळे हे दोन कोन छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन आहेत आणि त्यांची बेरीज १८० अंश आहे. समान आणि बेरीज १८०, म्हणून प्रत्येक ९०. येथे लक्षात घ्यायचे ते असे की संमुख भुजा आधी समान असल्या पाहिजेत. नुसते कर्ण समान असून भागत नाही; वर आलेखावर काढलेल्या समलंब चौकोनाचेही दोन्ही कर्ण समान आहेत. म्हणून आधी फळ्यांची लांबी, मग कर्ण, हा क्रम बदलू नये.

क्षेत्रफळ जास्त का येते

शेवटची वारंवार येणारी तक्रार जमिनीच्या मापाची आहे, आणि ती शाळेतल्या प्रश्नातही तशीच्या तशी दिसते. समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंची. पण उंचीच्या जागी तिरकी भुजा घातली जाते. ३३० फूट आणि १३२ फूट भुजा असलेला ऊसाचा तुकडा आयताकृती असेल तर क्षेत्रफळ ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ४० गुंठे, पुरा एक एकर होतो. तोच तुकडा कललेला असेल आणि दोन लांब बांधांमधील लंब अंतर ११८.८ फूट भरले, तर क्षेत्रफळ ३९,२०४ चौरस फूट, म्हणजे ३६ गुंठेच होते. चारही बांधांची लांबी तीच, पण चार गुंठे कमी, आणि कोन फक्त सुमारे ६४ अंशांचा झालेला.

चारही बांध असमान असले की गावोगाव समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून दोन्ही सरासरींचा गुणाकार करण्याची रीत चालते. ही रीत आयत सोडून प्रत्येक चौकोनात खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच उत्तर देते, कधीही कमी देत नाही. त्यामुळे विकणाऱ्याला ती आवडते. केवळ चार भुजांवरून चौकोन निश्चित होतच नाही, हे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त स्पष्ट सांगितले आहे. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट ठरवले आहे. दुरुस्ती सोपी आहे: चार बांधांबरोबर एक कर्ण टेपने मोजावा, दोन त्रिकोण करावेत आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ स्वतंत्र काढून बेरीज करावी.

दहावीकडे जाताना

हीच गफलत एसएसएलसीच्या वर्षी समरूपतेच्या प्रकरणात नव्या वेषात येते. चौकोन अबकड चे कर्ण ओ मध्ये छेदतात आणि अओ : बओ = कओ : डओ असे दिले असताना चौकोन समलंब आहे हे दाखवायचे असते. विद्यार्थी सुरुवातच ‘अब ∥ डक असल्यामुळे त्रिकोण समरूप’ अशी करतो. येथे अब ∥ डक हेच साध्य आहे. ओ मधून अब ला समांतर रेषा काढावी, ती अड ला ई मध्ये छेदू द्यावी. △डअब मध्ये प्रमाणाचे मूलभूत प्रमेय लावले की डई : ईअ = डओ : ओब मिळते. दिलेले गुणोत्तर फिरवून लिहिले की डओ : ओब = कओ : ओअ, म्हणून △अडक मध्ये डई : ईअ = कओ : ओअ, आणि आता त्याच प्रमेयाच्या व्यत्यासाने (उलट विधानाने) ईओ ∥ डक. ईओ ही अब लाही समांतर असल्यामुळे अब ∥ डक. मूळ प्रमेय एकदा आणि व्यत्यास एकदा, त्याच क्रमाने वापरलेले आहेत. उत्तर लिहिताना त्या दोन ओळींपुढे कोठे ‘प्रमेय’ आणि कोठे ‘व्यत्यास’ हे शब्दांत लिहावे.